दुखण्यात सुगंधाची सोबत

केमोथेरपीच्या काही खेपा झाल्या की अनेक रुग्णांच्या बाबतीत एक विचित्र गोष्ट घडते. रुग्णालयाच्या दारातून आत पाऊल टाकलं, जंतुनाशकाचा आणि स्पिरिटचा तो ओळखीचा वास नाकात शिरला, की पोट ढवळायला लागतं. सलाईन अजून लावलेलं नाही, औषधाचा थेंबही शरीरात गेलेला नाही, मळमळ मात्र खरीखुरी. काहींना उलटीही होते. उपचार संपून बराच काळ लोटल्यावरही तसाच वास कुठे आला तर पोटात कालवतं, असं सांगणारे रुग्ण आहेत. डॉक्टर मंडळींना हा प्रकार चांगला परिचयाचा आहे.

सुगंधाचा आजारपणात काय उपयोग, हे समजून घ्यायला मला हीच जागा सगळ्यात योग्य वाटते. इथे वास शरीराला आजारी पाडतोय, आणि कसा पाडतोय ते स्पष्ट दिसतंय. स्पिरिटच्या त्या वासात उलटी करवणारं काहीच नाही. तोच वास शेजारून जाणाऱ्या परिचारिकेला जाणवतसुद्धा नाही. आधीच्या खेपांमध्ये त्या वासाची आणि मळमळीची शरीरानं एक गाठ मारून ठेवली आहे, ती आता वास येताच ओढली जाते. मग प्रश्न असा पडतो की, वास आणि त्रास यांची गाठ इतकी घट्ट बसत असेल, तर वास आणि आराम यांची का बसू नये? सुगंधचिकित्सेत, म्हणजे अरोमाथेरपीत, जे खरं आहे त्यातलं बरंचसं या प्रश्नाच्या उत्तरात सापडतं. बाटलीतल्या तेलाचा वाटा त्यात आहे, पण जाहिराती सांगतात तेवढा नाही.

नाकापासून मेंदूपर्यंत

वास म्हणजे वस्तूपासून सुटून हवेत तरंगत आलेले तिचे रेणू. फूल हुंगता तेव्हा फुलाचा अंश खरोखरच तुमच्या नाकात गेलेला असतो. नाकपुड्यांतून वर, जवळजवळ दोन्ही डोळ्यांच्या मधोमध, नाकाच्या छतापाशी काही चौरस सेंटिमीटरचा एक ओलसर पडदा आहे. त्यात लाखो गंधपेशी असतात. या पेशी म्हणजे चेतापेशीच, फक्त इतर चेतापेशींसारख्या कातडी-हाडांच्या आड दडलेल्या नाहीत. बाहेरच्या हवेशी त्यांची थेट गाठ पडते. त्यामुळे त्या झिजतात, मरतात, आणि त्यांच्या जागी नव्या उगवतात. चेतापेशी आयुष्यभर नव्यानं तयार होत राहतात अशा जागा शरीरात फार थोड्या. हे लक्षात असू द्या, पुढे कामाला येणार आहे.

या पेशींवर वास ओळखणारी ग्राहकं असतात. त्यांची जनुकं लिंडा बक आणि रिचर्ड ॲक्सेल यांनी १९९१ साली शोधून काढली आणि त्यासाठी २००४ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळालं. माणसात अशी सुमारे ४०० प्रकारची ग्राहकं काम करतात. एका वासाला एक ग्राहक असा हिशेब मात्र नाही. एक रेणू अनेक ग्राहकांना कमी-अधिक चेतवतो आणि एक ग्राहक अनेक रेणूंना प्रतिसाद देतो. ४०० अक्षरांची बाराखडी आहे असं समजा. अक्षरं वेगवेगळ्या तऱ्हेनं जुळून येतात आणि वासाचा शब्द तयार होतो. गुलाबाचा वास हा असा शेकडो रेणूंनी लिहिलेला लांबलचक शब्द आहे.

आता महत्त्वाचा भाग. डोळ्यांनी पाहिलेलं, कानांनी ऐकलेलं, कातडीला लागलेलं, सगळं मेंदूच्या वरच्या थरात पोहोचण्याआधी थॅलॅमस नावाच्या एका चौकीतून जातं. वासाची वाट वेगळी आहे. गंधपेशींचे धागे कवटीच्या चाळणीसारख्या हाडातून वर चढतात, गंधकंद नावाच्या छोट्या भागात पोहोचतात, आणि तिथून निघालेला संदेश ती चौकी न गाठता थेट पुढे जातो. तो जिथे जातो त्या ठिकाणांमध्ये अमिग्डला आहे, म्हणजे भीती आणि भावना यांचं केंद्र, आणि आठवणी जुळवणारा हिप्पोकॅम्पस तिथून हाकेच्या अंतरावर. म्हणूनच कित्येकदा वास येतो, मन एकदम हलकं होतं किंवा छातीत धस्स होतं, आणि ‘हा कसला बरं वास?’ याचं उत्तर मात्र आठवत नाही. नाव मागाहून येतं. भाव आधी येऊन बसलेला असतो.

नाव येतं तेव्हा तेही गप्प बसत नाही. मराठीत कुबट, खवट, आंबूस, करपट, खमंग, उग्र असे नेमके शब्द आहेत. पण नुसतं ‘वास येतोय’ म्हटलं की ऐकणारा नाक मुरडतो आणि ‘सुवास येतोय’ म्हटलं की तोच श्वास ओढून घेतो. २००१ साली रेचल हर्झ आणि जूलिया फॉन क्लेफ या संशोधकांनी लोकांना एकच रासायनिक मिश्रण दोनदा हुंगायला दिलं. एकदा सांगितलं, हे चीज आहे. एकदा सांगितलं, ही उलटी आहे. बाटलीत तेच असूनही लोकांना एकदा वास बरा वाटला आणि एकदा किळसवाणा. बऱ्याच जणांचा दोन्ही वेळा एकच वस्तू होती यावर विश्वास बसेना. आपण वास हुंगतो तेव्हा अपेक्षाही हुंगत असतो, ही गोष्ट पुढचं सगळं वाचताना सोबत ठेवावी लागेल.

ओळखीच्या वासाचं बळ

नवजात बाळाच्या टाचेला सुई टोचून रक्त घेतात तेव्हा ते कळवळून रडतं. त्या वेळी आईच्या दुधाचा वास जवळ ठेवला तर बाळ कमी रडतं, असं अनेक प्रयोगांत दिसलं आहे. भाषा नाही, समजूत नाही, ‘सुगंध गुणकारी असतो’ असं त्या बाळाला कुणी सांगितलेलं नाही. तरीही वास पोहोचतो, कारण त्या वासाची गाठ कुशीशी, उबेशी आणि पोट भरण्याशी आधीच बसलेली असते.

मोठ्यांच्या बाबतीत २०१८ साली कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठाच्या संशोधकांनी ९६ स्त्रियांवर केलेला एक प्रयोग प्रसिद्ध झाला. प्रत्येकीला एक टी-शर्ट हुंगायला दिला: कुणाला जोडीदारानं घातलेला, कुणाला अनोळखी पुरुषानं घातलेला, कुणाला कुणीच न घातलेला. मग सगळ्यांना ताण येईल अशा परीक्षेला बसवलं. जोडीदाराचा वास घेतलेल्या स्त्रियांना ताण कमी जाणवला. अनोळखी वास घेतलेल्यांच्या शरीरात कॉर्टिसॉल हे ताणाचं संप्रेरक वाढलेलं आढळलं. घामाचा वास कुठल्याही सुगंधी तेलांच्या यादीत सापडणार नाही. तरी त्यानं जे केलं ते कोणत्याही महागड्या बाटलीनं करावं असं आपल्याला वाटतं.

आणि ही गाठ झोपेतही शाबूत राहते. २००७ साली जर्मनीत ब्यॉर्न राश आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काही जणांना गुलाबाच्या वासात चित्रांच्या जागा पाठ करायला लावल्या आणि रात्री गाढ झोपेत तोच वास पुन्हा दिला. सकाळी त्यांना त्या जागा अधिक चांगल्या आठवल्या. शिकताना वास नसलेल्यांना झोपेत वास देऊन काही साधलं नाही. म्हणजे गुलाबात स्मरणशक्ती वाढवणारं काही आहे असं नाही. गुलाब फक्त खूण होता.

बाटलीतलं तेल

आता तेलाकडे येऊ. इसेन्शियल ऑइलला तेल म्हणतात खरं, पण ते तुपा-तेलासारखं स्निग्ध नसतं. चांगल्या प्रतीच्या तेलाचा थेंब कागदावर टाकला तर बऱ्याचदा फारसा डाग न ठेवता उडून जातो. पानं, फुलं, साल, मुळं यांच्यातून वाफ सोडायची, वाफेबरोबर सुगंधी द्रव्यं वर येतात, ती थंड करून पाण्यापासून वेगळी करायची, अशी ही ऊर्ध्वपातनाची रीत. लिंबू-संत्र्याच्या सालींचं तेल बहुधा दाबून काढतात. एक किलो गुलाबतेलासाठी साधारण ३ ते ५ हजार किलो फुलं लागतात, यावरून बाटलीत किती दाटपणा कोंबलेला असतो याची कल्पना यावी. ‘नैसर्गिक आहे’ म्हणून निर्धास्त होणाऱ्यांनी हा आकडा डोळ्यांपुढे ठेवावा. झाडात ही द्रव्यं चिमूटभर असतात; बाटलीत दुसरं काही नसतंच.

लव्हेंडरमध्ये लिनालूल आणि लिनालिल ॲसिटेट, निलगिरीत सिनिओल, पुदिन्यात मेंथॉल, लवंगेत युजेनॉल, अशी प्रत्येकाची प्रमुख द्रव्यं ठरलेली आहेत. त्यांतली काही जंतू मारतात, काही नसांवर काम करतात. वास घेताना त्यांचा अल्पसा अंश फुप्फुसांवाटे रक्तातही जातो. पण त्यामुळे सुगंधाचं सगळं काम रक्तातूनच होतं असं समजणं घाईचं ठरेल. २०१८ साली जपानमधल्या संशोधकांनी उंदरांना लिनालूलचा वास दिला तेव्हा त्यांची बेचैनी कमी झाली. ज्या उंदरांची वास घेण्याची क्षमताच नष्ट केली होती त्यांच्यावर मात्र काही परिणाम झाला नाही. म्हणजे काम वासाच्या वाटेनंच झालं होतं. उंदरांवरून माणसांवर उडी मारता येत नाही, पण नुसत्या वासाचा मेंदूवर परिणाम होतो हे नाकारताही येत नाही.

‘अरोमाथेरपी’ हा शब्द रने-मॉरिस गातफोसे या फ्रेंच रसायनतज्ज्ञाचा. १९३७ साली त्यानं या नावाचं पुस्तक लिहिलं. त्याच्याबद्दल सर्वत्र सांगितली जाणारी गोष्ट अशी की, प्रयोगशाळेत स्फोट होऊन त्याचा हात भाजला, त्यानं तो चुकून लव्हेंडर तेलाच्या भांड्यात बुडवला, आणि हात चमत्कार व्हावा तसा बरा झाला. त्यानं स्वतः लिहिलेली हकीगत वेगळी आहे. १९१० साली भाजल्यानंतर त्याच्या जखमा सडू लागल्या होत्या, आणि त्यानं जाणूनबुजून लव्हेंडरच्या अर्कानं त्या धुतल्यावर सडणं थांबलं. मला या हकीगतीत रस आहे तो एका कारणासाठी. या शास्त्राच्या जन्मकथेत सुगंध कुठेच नाही. त्यात आहे ते जंतू मारणारं एक द्रव्य, पेनिसिलिन हाती येण्याआधीच्या काळातलं. तेल कातडीवर काय करतं आणि वास मनावर काय करतो, हे दोन प्रश्न त्या दिवसापासून एकमेकांत जे मिसळले ते आजपर्यंत नीट वेगळे झालेले नाहीत.

मग जखम लवकर भरते का?

हा खरा कळीचा प्रश्न, आणि सुदैवानं तो कुणीतरी नेटानं तपासला आहे.

अमेरिकेतल्या जॅनिस कीकोल्ट-ग्लेसर या संशोधिकेनं १९९५ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. घरातल्या स्मृतिभ्रंश झालेल्या माणसाची दिवसरात्र सेवा करणाऱ्या १३ स्त्रिया आणि तशी जबाबदारी नसलेल्या १३ स्त्रिया यांच्या हातावर सारख्याच आकाराची, साडेतीन मिलिमीटरची बारीकशी जखम करण्यात आली. सेवेचा भार वाहणाऱ्या स्त्रियांची जखम भरायला सरासरी ९ दिवस जास्त लागले. ताणामुळे जखम उशिरा भरते, हे इतक्या साध्या रीतीनं दाखवणारं काम मी दुसरं पाहिलेलं नाही.

यावरून सरळ तर्क निघतो: ताण जखम रेंगाळवतो, सुगंध ताण हलका करतो, म्हणून सुगंधानं जखम लवकर भरावी. सुगंधी तेलं विकणारे हा तर्क इथेच सोडून देतात. कीकोल्ट-ग्लेसर यांनी तो पुढे नेऊन पाहिला. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात ५६ निरोगी माणसांना लव्हेंडर, लिंबू आणि साधं पाणी यांचा वास दिला. बर्फाच्या पाण्यात हात बुडवायला लावून ताण दिला. चिकटपट्टी पुन्हा पुन्हा चिकटवून-ओढून कातडीचा वरचा थर उचलला आणि तो किती वेळात सावरतो ते मोजलं. रक्तातली ताणाची आणि प्रतिकारशक्तीची मापंही घेतली. निकाल असा आला की लिंबाच्या वासानं मन प्रसन्न झालं, ज्यांना कसला वास आहे हे सांगितलं नव्हतं त्यांचंसुद्धा. पण कातडी सावरण्यात काही फरक पडला नाही. वेदनेत नाही, कॉर्टिसॉलमध्येही नाही. लव्हेंडर, ज्याच्या नावावर सगळ्यात जास्त दावे आहेत, त्यानं मनःस्थितीतही काही खास बदल केला नाही.

मला हा निकाल निराश करणारा वाटत नाही. सुगंधानं मन प्रसन्न होतं, हे आजारी माणसासाठी पुरेसं मोठं आहे. त्याच्यावर जखम भरण्याचं, कर्करोगाची गाठ विरघळण्याचं, रक्तातली साखर उतरण्याचं खोटं ओझं लादायची गरज नाही. आणि हेही खरं की त्या ५६ जणांना दिलेला वास त्यांच्यासाठी परका होता, त्यांच्या आयुष्यातल्या कशाशीही न जोडलेला.

असे प्रयोग करणं अवघडही आहे. गोळीच्या जागी खोटी गोळी देता येते, पण वासाच्या जागी खोटा वास कसा देणार? माणसाला लगेच कळतं. त्यात भर म्हणजे सुगंध आला की आपण नकळत खोल, सावकाश श्वास घेतो, आणि सावकाश श्वासानं, विशेषतः लांबवलेल्या उच्छ्वासानं, हृदयाचे ठोके मंदावतात. मग आराम सुगंधानं पडला की श्वासानं? बहुतेक अभ्यास इथेच अडकतात. वैद्यकीय पुरावा गोळा करून तोलणाऱ्या कॉक्रेन या संस्थेनं २०२० साली स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांसाठीच्या सुगंधचिकित्सेचा आढावा घेतला, त्यात १३ अभ्यास आणि ७०८ रुग्ण होते. फायदा होतो असं ठामपणे म्हणावं एवढा पुरावा त्यांना मिळाला नाही.

एका बाबतीत मात्र चित्र बरंच उजळ आहे, आणि गंमत अशी की तिथे सुगंधी तेल नाहीच. इंजेक्शनआधी कातडी पुसायला जे स्पिरिटचे छोटे पॅड असतात, आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेले, ते नाकाजवळ धरून सावकाश हुंगले की मळमळ झपाट्यानं कमी होते. २०१८ साली आपत्कालीन विभागात मळमळीनं आलेल्या १२२ प्रौढांवर अमेरिकेत प्रयोग झाला. मळमळीवरची नेहमीची गोळी घेतलेल्यांपेक्षा स्पिरिट हुंगणाऱ्यांना अर्ध्या तासात जास्त आराम पडला होता. ज्या वासानं लेखाच्या सुरुवातीच्या रुग्णाचं पोट ढवळलं, तोच वास दुसऱ्या कुणाचं पोट शांत करतो. अर्थात केमोच्या रुग्णाला तो देऊन पाहण्यात शहाणपणा नाही, कारण त्याच्यासाठी त्या वासाचा अर्थच वेगळा झालेला असतो.

दोन गैरसमज इथेच दूर करून घेऊ. पुदिन्याच्या किंवा मेंथॉलच्या वासानं चोंदलेलं नाक मोकळं झाल्यासारखं वाटतं, पण मोजून पाहिलं तर हवेचा मार्ग तेवढाच अरुंद असतो. मेंथॉल नाकातल्या थंडी ओळखणाऱ्या ग्राहकाला चेतवतं आणि मेंदूला वाटतं, गार हवा आत येतेय. हे ग्राहक डेव्हिड ज्युलियस आणि आर्डेम पॅटापूटियन यांनी २००२ साली स्वतंत्रपणे शोधलं होतं. संवेदनांवरच्या अशा कामासाठी दोघांना २०२१ चं नोबेल मिळालं. तो आराम भासाचा असला तरी आरामच असतो, फक्त सर्दी बरी झाली असं समजू नये. दुसरा गैरसमज लव्हेंडरच्या गोळ्यांचा. चिंतेसाठी ८० मिलिग्रॅम लव्हेंडर तेलाच्या कॅप्सूल देऊन जर्मनीत चांगले प्रयोग झाले आहेत, पण ते पोटात घ्यायचं, मोजून-मापून बनवलेलं औषध आहे. त्याचे निष्कर्ष उशीवर टाकलेल्या दोन थेंबांना लावता येत नाहीत.

स्वतःची गाठ स्वतः बांधणं

मग करायचं काय? माझं म्हणणं असं की तेलाच्या नावामागे धावण्यापेक्षा गाठ बांधण्याकडे लक्ष द्यावं.

स्वतःला मनापासून आवडणारा एक वास निवडा. ‘झोपेसाठी लव्हेंडर, उत्साहासाठी लिंबू’ हे तक्ते बाजूला ठेवा. लव्हेंडरचा वास ज्याला एखाद्या दुःखद प्रसंगाची आठवण करून देतो त्याला तो शांत करणार नाही. वास असा असावा की तो रोजच्या वावरात सारखा येत नाही. मग बरं वाटत असतानाच, रात्री आडवं झाल्यावर, शरीर सैल सोडून, रुमालावर एक थेंब टाकून पाच-सात मिनिटं सावकाश श्वास घ्या. एरवी ती बाटली उघडू नका. दोन-तीन आठवडे असं चाललं की तो वास आणि ती सैलावलेली अवस्था एकमेकांना ओळखू लागतात. नंतर ड्रेसिंग बदलताना, एमआरआयला जाण्याआधी, रात्री रुग्णालयात झोप लागत नसेल तेव्हा, तोच रुमाल जवळ घ्या. चमत्कार होणार नाही. खांदे थोडे उतरतील, श्वास थोडा लांबेल.

पण ऐन मळमळीत हा रुमाल काढू नका, कारण तिथे गाठ उलटी बसते. सिॲटलमध्ये इलीन बर्नस्टाइन यांनी १९७८ साली दाखवलं होतं की केमोच्या आधी मुलांना एका निराळ्याच स्वादाचं आईस्क्रीम दिलं तर पुढे ती मुलं ते नाकारतात. आणि आपण ज्याला स्वाद म्हणतो तो मोठ्या प्रमाणात नाकाचाच मामला असतो, घशामागून वर चढणारा वास. याच कामातून पुढे एक फार कनवाळू युक्ती निघाली: केमोच्या दिवशी मुलाला एखादी तीव्र स्वादाची, एरवी न खाल्लेली गोळी चघळायला द्यायची. सगळा राग त्या गोळीवर निघतो आणि रोजचं जेवण वाचतं. घरी अशा रुग्णाची काळजी घेणाऱ्यांनी म्हणूनच केमोच्या दिवशी त्याच्या सगळ्यात आवडीचा पदार्थ करू नये आणि आवडीचं अत्तरही लावू नये. प्रेमानं केलेली ती गोष्ट त्याच्यापासून कायमची दुरावू शकते.

दिवसभर डिफ्यूझर, म्हणजे खोलीत सुगंधी वाफ सोडणारं यंत्र, चालू ठेवण्यातही अर्थ नाही. काही मिनिटांत नाक सरावतं आणि वास जाणवेनासा होतो, फुप्फुसात मात्र वाफ जात राहते. पंधरा-वीस मिनिटं पुरतात. आणि खोलीत दुसरा रुग्ण असेल तर डिफ्यूझर नकोच, कारण तुमचा आराम त्याची मळमळ ठरू शकतो. रुमाल फक्त तुमच्या नाकापुरता असतो.

जिथे हात आवरायचा

इसेन्शियल ऑइल पिऊ नये. हे वाक्य मी मुद्दाम इतकं उघडंवाघडं लिहितोय. विंटरग्रीन नावाच्या झुडपाच्या तेलाच्या एका चहाच्या चमच्यात, म्हणजे ५ मिलिलिटरमध्ये, सुमारे ७ ग्रॅम ॲस्पिरिनइतकं विष असतं. लहान मूल त्यानं दगावू शकतं. कापूर पोटात गेला तर मुलांना झटके येतात, निलगिरीचं तेलही घातक ठरतं. सुगंधी बाटल्या दिसायला गोड असतात, म्हणून त्या औषधांच्या कपाटातच, कुलपात. दोन वर्षांखालच्या बाळाच्या नाकाला किंवा छातीला कापूर-मेंथॉलचा लेप लावू नये, त्याचा श्वास अडखळू शकतो.

कातडीवर लावायचं तर पातळ करून. १ टक्का म्हणजे ३० मिलिलिटर साध्या तेलात साधारण ६ थेंब, आणि प्रौढांना एवढं पुरतं. लिनालूल आणि लिंबूवर्गातलं लिमोनीन हवेत जुनं झालं की त्यापासून ॲलर्जी करणारी द्रव्यं तयार होतात, म्हणून उघडून बरेच महिने झालेली बाटली कातडीला लावू नका. बर्गमॉट या लिंबूवर्गातल्या फळासारखं काही तेल लावून उन्हात गेलं तर कातडी भाजल्यासारखी होते. दमा असेल, गरोदरपण असेल, फिट्स येत असतील, तर आधी डॉक्टरांना विचारा. ऑक्सिजन लावलेल्या माणसाजवळ तेलकट, ज्वालाग्राही काही नको. घरात मांजर असेल तर तिचं यकृत ही द्रव्यं निकामी करू शकत नाही. टी ट्री तेल तर तिच्यासाठी विषच.

आणखी एक गोष्ट, जी फार कमी लोकांना माहीत असते. २०२१ साली अमेरिकेत चार वेगवेगळ्या राज्यांतल्या चौघांना मेलिऑयडोसिस हा गंभीर संसर्ग झाला, त्यातले दोघे दगावले. शोध घेता घेता माग एका सुगंधी फवाऱ्यापर्यंत पोहोचला. त्या फवाऱ्याच्या पाण्यातच जंतू होते. तेलात जंतू सहसा तगत नाहीत, पण पाणी मिसळलेल्या सुगंधी फवाऱ्यात तगू शकतात. आजारी माणसाच्या खोलीत असे फवारे टाळलेलेच बरे.

जेव्हा नाकच आजारी असतं

सुगंधानं बरं होण्याचा सगळ्यात सरळ पुरावा कुठे असेल तर तो खुद्द नाकाच्या दुखण्यात. कोविडमध्ये लाखो लोकांचा वास गेला. विषाणू गंधपेशींपेक्षा त्यांना आधार देणाऱ्या शेजारच्या पेशींवर हल्ला करतो, आणि आधार कोसळला की गंधपेशीही मुक्या होतात. वास गेलेल्या माणसाचं दुःख इतरांना कळत नाही. जेवण बेचव होतं, गॅस गळला तर कळत नाही, आपल्या अंगाला वास येतोय का या धास्तीनं माणूस चारचौघांत मिसळेनासा होतो, आणि जवळच्या माणसाचा ओळखीचा वास हरवला की तो माणूसच काचेपलीकडे गेल्यासारखा वाटतो. उदासी येते, ती काही लाडावलेपणातून नाही.

इथे ती सुरुवातीची गोष्ट कामाला येते: गंधपेशी पुन्हा उगवतात. जर्मनीतल्या ड्रेस्डेनमध्ये थॉमस हुमेल आणि सहकाऱ्यांनी २००९ साली गंधसरावाची पद्धत मांडली. चार वास घ्यायचे: गुलाब, निलगिरी, लिंबू, लवंग. सकाळी आणि रात्री, प्रत्येक वास दहा-पंधरा सेकंद, हलके हलके हुंगत, दोन वासांच्या मध्ये थोडं थांबून. निदान १२ आठवडे. नंतरच्या अभ्यासांवरून असं दिसतं की सराव जास्त महिने चालवला आणि मधून वास बदलले तर फायदा वाढतो. हमी नाही, पण धोका जवळजवळ शून्य, आणि कान-नाक-घसा तज्ज्ञ हा सराव आवर्जून सांगतात. वास अचानक गेला असेल किंवा डोक्याला मार लागून गेला असेल तर सरावाआधी त्यांच्याकडे जाऊन तपासणी मात्र करून घ्यायला हवी.

सुधारणेच्या वाटेवर एक भयंकर टप्पा येऊ शकतो. वास परततो, पण वेडावाकडा. कॉफीचा वास सडक्या कचऱ्यासारखा येतो, भाजलेलं-परतलेलं काहीही नकोसं होतं. कॉफीतलं एक गंधकयुक्त द्रव्य याला बऱ्याच अंशी जबाबदार असतं. निरोगी नाकाला तेच खमंग वाटतं. रुग्णांना वाटतं आपण बिघडत चाललोय. पुष्कळदा तसं नसतं, नव्या पेशींचे धागे अजून आपापल्या जागा शोधत असतात. या काळात थंड किंवा कोमट, साधं, न भाजलेलं अन्न सोसतं.

सराव करणाऱ्यानं एक वही ठेवावी. पहिले काही आठवडे लवंगेपुढे ‘काही नाही’ हेच दोन शब्द रोज लिहावे लागतील. तरी डबी उघडताना लवंगेचा वास कसा होता हे आठवण्याचा प्रयत्न करायचा, दातदुखीत दाढेखाली धरलेली ती लवंग मनात आणायची, आणि मगच हुंगायचं. मग एखाद्या दिवशी वहीत ‘काहीतरी तिखट’ असं लिहिलं जातं, आणि पुढे कधीतरी, तारखेसह, ‘लवंग’.